नवऱ्याचं उत्पन्न कागदावर साडेचार लाख, प्रत्यक्षात किती ते देवालाच ठाऊक. मुलाची पोटगी नक्की कशावर ठरते?

मीच_ती
नमस्कार मंडळी. मी आणि नवरा वेगळे राहतोय, घटस्फोटाची केस पुण्यात फॅमिली कोर्टात चालू आहे, मुलगा ९ वर्षांचा, माझ्याकडे असतो. मी शाळेत शिकवते, हातात ४२ हजार पडतात. नवऱ्याचं गाव विट्याजवळ आणि धंदा कोइम्बतूरला, गलाईचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सराफांकडचं जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं काम, आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसं अख्ख्या भारतात हेच करतात. बराचसा व्यवहार रोखीत.

तर आता मुलासाठी पोटगीचा अर्ज करायचाय आणि यांचा आयटी रिटर्न साडेचार लाखांचा. वर्षाचे! दुकानाचं भाडंच त्याहून जास्त असेल. गाडी सासूबाईंच्या नावावर, गावाकडे द्राक्षबाग आहे ती यांच्या आणि दिरांच्या नावावर. मनात आलं की ५ हजार पाठवतात, नाहीतर ते पण नाही. माझी मैत्रीण म्हणते तू कमावतेस त्यामुळे तुला काहीच मिळणार नाही, भाऊ म्हणतो २५ टक्के फिक्स असतात. नक्की काय? मला माझ्यासाठी नकोय, फक्त मुलासाठी.

ऑरेंजसिटी
२५ टक्केवालं मी पण ऐकलंय, सुप्रीम कोर्टाचंच आहे ना ते?

वकीलबाई
ताई, आधी ते २५ टक्क्यांचं निपटवू कारण दर आठवड्याला कोणीतरी हेच विचारतं. २०१७ च्या कल्याण डे चौधरी केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम बायकोला देणं रास्त होईल. तिथे माणूस पगारदार होता, महिन्याला ९५ हजारांच्या वर, स्लिप समोर होती. आणि गंमत म्हणजे त्याच निकालात हायकोर्टाने दिलेले २३ हजार कमी करून २० हजार केले कारण त्याने दुसरं लग्न केलं होतं आणि त्या घरातही मूल होतं. म्हणजे तो अंदाज आहे, फॉर्म्युला नाही. मुलाच्या पोटगीला आपल्याकडे ठरलेला टक्का कुठल्याही कायद्यात नाही. दिल्ली हायकोर्टाची २००४ ची एक पद्धत आहे, कुटुंबाचं एकूण उत्पन्न धरायचं, कमावणाऱ्याला दोन वाटे, बाकी प्रत्येकाला एकेक. काही जज ती वापरतात, काही नाही.

दुसरं, तुम्ही कमावता म्हणून मुलाचा हक्क जात नाही. मुलाचा हक्क मुलाचा आहे. तुमच्या पगाराचा परिणाम एवढाच की खर्चाचा भार दोघांत वाटला जाईल. २००० साली पद्मजा शर्मा केसमध्ये आईपण नोकरी करणारी होती, कोर्टाने दोघांच्या कमाईच्या प्रमाणात बापाने दोन हिस्से आणि आईने एक असं धरलं. त्यामुळे मैत्रिणीचं चूक, भावाचंही चूक.

मीच_ती
बरं वाटलं वाचून. पण प्रमाण काढायला त्यांचं उत्पन्न तर कळायला हवं ना. साडेचार लाख म्हणजे महिन्याला साडेसदतीस हजार, म्हणजे कागदावर मी त्यांच्यापेक्षा जास्त कमावते!! मग काय मीच दोन हिस्से भरायचे का.

वकीलबाई
अगदी हीच खरी गोष्ट आहे या धाग्याची. धंदेवाल्या माणसाचा रिटर्न हा कोर्टापुढचा एक कागद, शेवटचा शब्द नाही. कोर्ट बघतं की माणूस कमावू किती शकतो, राहतो कसा, मालमत्ता काय आहे, मुलाला वेगळं होण्याआधी कशा राहणीची सवय होती. "माझं उत्पन्नच नाही" म्हणणाऱ्या धडधाकट माणसाला २०२२ मध्ये अंजू गर्ग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलं की अंगमेहनत करून कमव पण बायकामुलांना सांभाळ, ती जबाबदारी टाळता येणार नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. रजनेश विरुद्ध नेहा, सुप्रीम कोर्टाचा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल. त्यानंतर पोटगीच्या प्रत्येक केसमध्ये दोघांनीही आपापल्या उत्पन्नाचं, मालमत्तेचं आणि देण्यांचं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचंच असतं. दोघांनीही हां, तुम्हीसुद्धा. तुमचं सोनं, एफडी, पीएफ सगळं.

ऑरेंजसिटी
ती केस आमच्या नागपूरची होय!! फॅमिली कोर्टाने मुलाला आधी ५ हजार मग १० हजार आणि बायकोला १५ हजार दिले होते, नवरा हायकोर्टात हरला आणि तिथून दिल्लीला गेला. एवढ्याशा रकमेवरून अख्ख्या देशाला नियम मिळाला.

दोन_पोरींचा_बाप
थोडी दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. मी आयटीत होतो, दोन मुली त्यांच्या आईकडे, मी दर महिन्याला पोटगी भरत आलोय एकही हप्ता न चुकवता. मागच्या वर्षी कंपनीने काढलं आता जी नोकरी आहे तिथे पगार जवळपास निम्मा, त्यात फ्लॅटचा ईएमआय, आईची औषधं. कोर्टाला वाटतं बाप म्हणजे एटीएम. आणि समोरची व्यक्ती ट्यूशन घेऊन रोख कमावते ते कुठल्या अ‍ॅफिडेव्हिटमध्ये येतं? लपवालपवी फक्त पुरुषच करतात असं नाही ना. ईएमआय पगारातून वजा करून मग पोटगी ठरवायला नको का?

वकीलबाई
दादा, रागवायचं काय त्यात. तुमची तक्रार खरी आहे आणि बायका ट्यूशन, शिलाई, ब्युटी पार्लर लपवतात हे मी स्वतः उलटतपासणीत बाहेर काढलेलं आहे.

ईएमआयचं मात्र तुम्हाला आवडणार नाही. इन्कम टॅक्स, प्रोफेशनल टॅक्स, सक्तीचा पीएफ हे वजा होतं. स्वतःहून घेतलेलं कर्ज, एलआयसीचे हप्ते, जादा पीएफ हे साधारणपणे पूर्णपणे वजा करत नाहीत, कारण हप्ता भरून शेवटी फ्लॅट कोणाच्या नावावर होतो? तुमच्या. मुलीच त्या फ्लॅटमध्ये राहत असतील तर हिशोब बदलतो. आईची जबाबदारी खरी असेल तर ती कोर्ट नक्की धरतं, अ‍ॅफिडेव्हिटमध्ये अवलंबून असलेल्या माणसांचा रकाना आहेच.

पण पगार खरंच निम्मा झाला असेल तर गप्प बसून कमी पैसे पाठवू नका. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम बदलून मागायचा अर्ज करा. पूर्वी ते सीआरपीसी, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७ होतं, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस, म्हणजे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६. अर्ज न करता आपल्या मनाने कापाकापी केली तर थकबाकी चढत जाते, आणि मग वॉरंट आलं की नोकरी गेल्याचं पत्र दाखवून फारसा उपयोग होत नाही.

दोन_पोरींचा_बाप
हे मला माझ्या वकिलाने सांगितलंच नाही. फी मात्र वेळेवर घेतो.

बेदाणा
मी तासगावचा, शेतकरी. कायद्यातलं आपल्याला काय कळत न्हाई पण बागेचं कळतंय. ताई, तुमचे मालक म्हणत असतील बाग तोट्यात हाय, अवकाळीनं गेली, डावणी रोग आला, फवारणीतच सगळं गेलं. खरं पण असतंय ते, एखादं वर्ष कायच हाताला लागत न्हाई. पण बेदाणा केला असंल तर तो कोल्ड स्टोरेजला ठेवत्यात, त्याची पावती असती, मग तासगावला नाहीतर सांगलीला सौद्यात जातो, अडत्या पट्टी देतो, पट्टीवर नाव, वजन, दर सगळं. ताजी द्राक्षं व्यापाऱ्याला दिली असतील तर पैसे बँकेत आल्यालं दिसंल, सगळे काय रोख देत न्हाईत. सात-बारा आणि आठ-अ तर ऑनलाइन निघतोय, त्यात किती गुंठे, पीक काय लावलंय आणि इतर हक्कात सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा किती ते कळतंय. बोजा मोठा असला तर समजायचं की बँकेनं पण बघूनच दिलंय.

वकीलबाई
बेदाणा भाऊंनी शेवटी जे म्हटलं ते सोन्यासारखं आहे, अक्षरशः. जो माणूस कोर्टात उत्पन्न कमी दाखवतो तोच माणूस बँकेत ते जास्त दाखवतो, कारण त्याला कर्ज हवं असतं. दुकानासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याचं फिरतं बँक कर्ज, घेतलं असेल तर फाईलमध्ये उलाढालीचे आकडे, प्रोजेक्टेड बॅलन्स शीट, तारण मालमत्तेचं व्हॅल्युएशन सगळं असतं. जीएसटी रिटर्नमध्ये उलाढाल येते, नफा नाही, पण वर्षाला साडेचार लाख कमावणाऱ्याची उलाढाल कोटीत असेल तर जज भुवया उंचावतातच.

शेतीचं आणखी एक. शेतीच्या उत्पन्नावर कर नसतो पण रिटर्नमध्ये ते दाखवायला वेगळा रकाना असतो. कितीतरी धंदेवाले दुकानातली रोकड तिथे टाकतात. तुम्ही फक्त "करपात्र उत्पन्न साडेचार लाख" ही ओळ बघितलीय का पूर्ण रिटर्न बघितलाय? आधी पूर्ण मागा.

मीच_ती
पूर्ण नाही बघितला, त्यांच्या वकिलांनी एक पान दिलं होतं तडजोडीच्या बैठकीत. पण हे सगळं मी मिळवू कसं? बँक मला थोडीच देणार आहे. त्यांचा जुना ईमेल पासवर्ड मला माहीत आहे...

वकीलबाई
नको. त्या पासवर्डच्या वाटेला अजिबात जाऊ नका, माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली उलटी केस तुमच्यावर होईल आणि मुलाच्या अर्जाचं भजं होईल.

कोर्टामार्फत मिळवायचं. क्रम सांगते. अर्जासोबत तुमचं अ‍ॅफिडेव्हिट द्या. त्याच्या नमुन्यात एक भाग असा असतो की समोरच्याच्या उत्पन्नाबद्दल आणि मालमत्तेबद्दल तुम्हाला काय माहिती आहे ते लिहा. लोक तिथे "माहीत नाही" लिहून मोकळे होतात आणि तिथेच केस निम्मी हरतात. तुम्ही तिथे दुकानाचा पत्ता, कामगार किती, भाडं अंदाजे, कुठल्या बँकेत खातं होतं, गाडीचा नंबर, बागेच्या जमिनीचा गट नंबर, मागचे फॅमिली ट्रिप, शाळेची फी कोण कुठल्या खात्यातून भरायचं, हे सगळं लिहा. मग त्यांचं अ‍ॅफिडेव्हिट येईल, त्याला जास्तीत जास्त चार आठवडे असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय, प्रत्यक्षात तारखा मागतातच. ते आल्यावर जिथे जिथे गाळलंय तिथे प्रश्नावली द्या आणि कागद हजर करण्याचा अर्ज करा, बँक स्टेटमेंट, पूर्ण रिटर्न, जीएसटी, कर्जाची फाईल. कोर्ट थेट बँकेलाही समन्स काढू शकतं. तरी खोटं लिहिलं तर शपथेवर खोटं बोलल्याबद्दल कारवाईचा अर्ज, पूर्वीचं सीआरपीसी कलम ३४०, आताचं बीएनएसएस ३७९.

शेती मुख्य उत्पन्न असलेल्यांसाठी अ‍ॅफिडेव्हिटचा वेगळा नमुनाही आहे. तुमचे मिस्टर तो भरून "मी गरीब शेतकरी" म्हणतील बघा, दुकानाचा उल्लेख गाळून. तयारीत राहा.

शालिनीआजी
बाळ, मी काही वकील नाही पण एक सांगते. आमच्या मुलीच्या वेळी आम्ही रागाच्या भरात लिहून दिलं की आम्हाला त्यांचा पैसा नको, मूल आमचं आम्ही वाढवू. म्युच्युअल म्हणजे संमतीच्या घटस्फोटात तेच लिहिलं. नात आता दहावीला आहे, क्लासची फी ऐकून डोळे पांढरे होतात. तू असं लिहून देऊ नकोस. स्वाभिमान वगैरे ठीक आहे, शाळा स्वाभिमान घेत नाही, चेक घेते.

वकीलबाई
आजी, तुमच्या नातीचं अजूनही उघडं आहे. आईने आपल्या सहीने मुलाचा हक्क सोडता येत नाही, कोर्ट तसा करार मुलावर बंधनकारक धरत नाही. आणि ती मुलगी आहे, अविवाहित मुलीला १८ नंतरही, स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागत नसेल तर, १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली बापाकडून मागता येतं. २०२० चा अभिलाषा निकाल आहे त्यावर. मुलग्यांच्या बाबतीत मात्र कायद्याची ओळ १८ लाच थांबते, आणि खरा खर्च तर इंजिनिअरिंगचा १८ नंतरच सुरू होतो, हे मला कधी पटलेलं नाही. म्हणून तडजोड करायचीच असेल तर मुलाच्या शिक्षणाची रक्कम एकरकमी एफडीत मागून घ्या.

स्लाऊकर
मी इंग्लंडात स्लाऊला असतो, माझं इथलं वेगळं झालंय म्हणून तुलना म्हणून सांगतो. इकडे कोर्टाआधी चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस नावाचं सरकारी खातं आहे, ते टॅक्सवाल्यांकडून थेट माझा ग्रॉस पगार घेतं आणि कॅल्क्युलेटर लावतं. आठवड्याला २०० ते ८०० पौंडांमधल्या उत्पन्नावर एका मुलाला १२ टक्के, दोघांना १६, तीन किंवा जास्त असतील तर १९. मुलगा वर्षात ५२ ते १०३ रात्री माझ्याकडे झोपला तर त्यातून सातवा हिस्सा कमी. वकील नाही काही नाही. पण इथेही धंदेवाले हुशार, स्वतःच्या कंपनीतून पगार कमी घेतात आणि बाकी डिव्हिडंड. म्हणून पगाराशिवायचं उत्पन्न वर्षाला २,५०० पौंडांच्या वर असेल किंवा राहतं घर सोडून ३१,२५० पौंडांच्या वर मालमत्ता असेल तर समोरचा "व्हेरिएशन", म्हणजे ठरलेल्या हिशोबात बदल, मागू शकतो, मग त्या मालमत्तेवर ८ टक्के उत्पन्न मिळतंय असं मानूनच हिशोब करतात. पैसे नुसते पडून असले तरी! मला हे आवडलं, कटकट कमी.

दोन_पोरींचा_बाप
हे इथे आणा राव. कॅल्क्युलेटर असता तर माझे वकिलाचे पैसे वाचले असते.

वकीलबाई
कॅल्क्युलेटरला आकडा लागतो हो, आणि आपल्याकडे निम्म्या देशाचा आकडाच कागदावर नाही. गलाईवाल्याला १२ टक्के लावले तर साडेचार लाखाचे ५४ हजार, म्हणजे महिन्याला साडेचार हजार. ताईंना आत्ता मिळतात त्याहून कमी! त्यापेक्षा आपली जज-मंडळी बरी.

मीच_ती
हा हा, खरंच की.

मी आज बसून मुलाच्या खर्चाचा कागद केला. शाळेची फी वर्षाला ८६ हजार, व्हॅन, अबॅकस, डबा-दूध-किराण्यातला त्याचा वाटा, दम्याचा पंप आणि डॉक्टर, आणि घरभाड्याचा अर्धा. महिन्याला साधारण २६ हजार होतायत. जास्त वाटतं का? आणि कुठल्या कायद्याखाली अर्ज करू, तीनचार सांगितले वेगवेगळ्या लोकांनी. आणि कोर्ट फी किती लागेल?

वकीलबाई
२६ हजार अजिबात जास्त नाही, फक्त प्रत्येकाची पावती जोडा. भाड्याचा अर्धा ऐवजी तिसरा हिस्सा धरा, समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल.

घटस्फोटाची केस चालूच आहे तर त्यातच हिंदू विवाह कायदा कलम २६ खाली मुलासाठी अर्ज टाका. बीएनएसएस १४४, म्हणजे जुनं १२५, वेगळंही करता येतं, त्याचा फायदा म्हणजे नाही भरले तर वॉरंट निघतं आणि महिन्याच्या थकबाकीला एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण तिथे थकबाकी वर्षाच्या आत वसुलीला लावावी लागते, लोक तीन-तीन वर्षं झोपतात आणि मग रडतात. दोन ठिकाणी मिळालं तर एकातलं दुसऱ्यात वळतं होतं, दुप्पट मिळत नाही, आणि आधीच्या आदेशाबद्दल दुसऱ्या कोर्टाला सांगावंच लागतं. रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळते, आदेशाच्या नाही, म्हणून अर्ज आधी टाका, कागद मागून येतील.

कोर्ट फी शून्य. महाराष्ट्रात १९९४ पासून पोटगी, घटस्फोट अशा केसमध्ये बायकांना माफ आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, १५१०० नंबर लावा.

ऑरेंजसिटी
माझ्या बहिणीच्या नवऱ्याला सरकारी नोकरी होती तर सरळ पगारातून कापून यायचे पैसे. धंदेवाल्याचं तसं कसं होणार?

वकीलबाई
पगारदाराचा पगार पोटगीच्या डिक्रीत दोन तृतीयांशापर्यंत जप्त होऊ शकतो, एक तृतीयांशच वाचतो, इतर कर्जांपेक्षा पोटगीला जास्त जोर आहे. धंदेवाल्याचं बँक खातं आणि मालमत्ता. म्हणून तर मालमत्तेची यादी लागते, नुसती रक्कम ठरवायला नाही, पुढे वसूल करायला.

मीच_ती
अपडेट देते. अर्ज टाकला. त्यांचं अ‍ॅफिडेव्हिट आलं आणि वकीलबाई म्हणाल्या तस्संच, शेतकऱ्यांचा नमुना!! दुकान "भावाचं आहे, मी तिथे मदत करतो, महिन्याला १५ हजार मिळतात". आणि बागेतला स्वतःचा हिस्सा दिरांना बक्षीसपत्राने दिलाय, माझी नोटीस गेल्यानंतर. मी ते वाचून दोन दिवस जेवले नाही. आता बागच नाही म्हटल्यावर काय उरलं?

बेदाणा
आवो ताई जेवा आधी. बक्षीसपत्र झालं म्हंजे फेरफार पडला असंल, म्हंजे जमिनीच्या कागदावर मालक बदलल्याची नोंद, त्याची नक्कल काढा, तारीख दिसंल. नोटीस आधीची आणि फेरफार नंतरचा, हे शेंबडं पोर पण वळखंल.

वकीलबाई
भाऊ बरोबर. आणि ताई, यात तुमचं नुकसान कमी आणि त्यांचं जास्त आहे. नोटिशीनंतर फुकटात दिलेली जमीन म्हणजे लपवायचा हेतू, जज त्यावरून राहणीमानाचा अंदाज वरचाच धरतील. शिवाय जमिनीच्या उत्पन्नातून पोटगीचा हक्क असेल आणि जमीन फुकट दुसऱ्याला दिली, तर तो हक्क घेणाऱ्याविरुद्धही चालवता येतो, मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ३९. दिरांना पक्षकार करायचं की नाही ते तुमच्या वकिलाशी बोला.

त्याहून मोठं म्हणजे बाग वडिलोपार्जित आहे का? खरी एकत्र कुटुंबाची असेल तर मुलाचा त्यात जन्मापासून हिस्सा आहे, तो बापाला बक्षीस देताच येत नाही, वाटपाचा वेगळा दावा लागेल. पण आजोबांकडून १९५६ नंतर साध्या वारसाने आली असेल तर ती बहुतेक वेळा बापाची स्वतःची धरतात, मग तो मार्ग बंद. म्हणून फेरफार फक्त शेवटचा नको, मागचे सगळे काढा, पणजोबांपासूनचे.

दुकानाचं तर सोपं. जीएसटी नोंदणी आणि दुकानाचा परवाना कोणाच्या नावावर आहे आणि लग्नाआधी बायोडेटात धंदा म्हणून काय लिहिलं होतं?

मीच_ती
बायोडेटा! "स्वतःचे गलाई दुकान, कोइम्बतूर, वार्षिक उत्पन्न १८ लाख." आईच्या कपाटात आहे अजून, तेव्हाच्या मध्यस्थांच्या सहीसकट.

वकीलबाई
मूळ प्रत कोणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स जोडा. मध्यस्थ साक्षीला येतील का विचारा. फेरफार निघाले की इथे गट नंबर न टाकता फक्त वर्षं टाका, बघते.

बेदाणा
जुनं फेरफार तलाठ्याकडं मिळालं न्हाई तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज टाका. विट्याला सकाळी लवकर जावा, दुपारनंतर माणूस जाग्यावर नसतोय.